बंब किती मिनिटांत पोहोचणार, हे कोण ठरवतं?

मे महिन्यातली रात्र होती, अकरा वाजून गेले होते. नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या गल्लीत एका घराच्या खिडकीतल्या कुलरने पेट घेतला. त्याचा पाण्याचा पंप दुपारीच बंद पडला होता, ताट्या वाळून गेल्या होत्या आणि मोटार मात्र चालूच होती. शेजारच्या काकूंनी आधी मेन स्विच पाडला, पोरांनी १०१ला फोन लावला. थोड्याच वेळात सायरन ऐकू आला. पण बंब गल्लीच्या तोंडाशीच थांबला. तिथे दोन्ही बाजूंना एकेक कार उभी होती आणि मधून जेमतेम ऑटो निघेल एवढीच जागा होती.

"कोणाची आहे गाडी? काढा न लवकर!"

"मालक लग्नाले गेले भाऊ, रामटेकले. चावी त्याइच्यापाशीच हाय."

जवानांनी नळी खांद्यावर घेतली आणि पळत आत आणली. तोवर पडदा आणि खिडकीची चौकट जळाली होती. कोणाला इजा झाली नाही. दुसऱ्या दिवशी गल्लीभर एकच बोलणं होतं, बंब उशिरा आला. मला ते पटलं नाही. बंब वेळेत आला होता, गल्ली त्याच्यासाठी तयार नव्हती.

त्यानंतर शहराचं अग्निशमन दल आपलं नियोजन कसं करतं, कसं करायला हवं, हे मी समजून घेऊ लागलो. नियोजन म्हटलं की नवे बंब, उंच शिडी, नवं केंद्र अशी खरेदीची यादी डोळ्यांपुढे येते. ती यादी खरं तर शेवटी येते. त्याआधी मिनिटांचा हिशोब मांडावा लागतो. त्यातली बरीचशी मिनिटं दलाच्या हातात नसतात. ती तुमच्या-माझ्या हातात असतात, महावितरणच्या, वाहतूक पोलिसांच्या, बिल्डरच्या, दुकानदाराच्या हातात असतात. म्हणून या सगळ्यांशी बोलल्याशिवाय केलेली योजना कागदावर कितीही देखणी दिसली, तरी गल्लीच्या तोंडाशी अडकते.

पाच मिनिटांत काय काय मावतं

केंद्र सरकारच्या स्थायी अग्निशमन सल्लागार समितीने शहरांसाठी साधारण पाच मिनिटांत आणि ग्रामीण भागासाठी २० मिनिटांत बंब पोहोचावा, असा निकष सुचवलेला आहे. पाच मिनिटंच का? बंद खोलीत आग लागली की गरम धूर छताखाली साचत जातो. तो पुरेसा तापला की खोलीतल्या सगळ्या वस्तू जवळपास एकाच वेळी पेटतात. त्या क्षणानंतर खोलीत माणूस जगत नाही. पूर्वीच्या लाकडी-सुती सामानाच्या खोलीत हा क्षण यायला बराच वेळ लागायचा. आजच्या फोमच्या सोफ्याच्या, प्लॅस्टिकच्या आणि सिंथेटिक पडद्यांच्या खोलीत तो पाच मिनिटांच्या आतही येऊ शकतो, हे प्रयोगशाळांत खोल्या पेटवून तपासलेलं आहे.

आता हा वेळ सुटा करून पाहू. आग लागली हे कोणाच्या तरी लक्षात यायला वेळ लागतो. मग फोन. आपण सगळे इथे मिनिट वाया घालवतो: आधी मालकाला, मग भावाला, मग १०१ला. मग नियंत्रण कक्षातल्या माणसाला पत्ता कळायला हवा. "मारुतीच्या मंदिरामागे" हा पत्ता महालात पन्नास जागांना लागू पडतो. मग वर्दी, म्हणजे आगीची खबर, केंद्राला जाते, जवान तयार होतात, बंब निघतो. मग रस्ता. आणि पोहोचल्यावर नळी जोडून पाणी सुरू करायलाही मिनिट-दोन मिनिटं लागतात, ती हिशोबात धरायला बहुतेक जण विसरतात.

यातलं दलाच्या पूर्ण ताब्यात काय? वर्दी घेणं, तयार होऊन निघणं, आणि पोहोचल्यावरचं काम. बाकी सगळं बाहेर.

अमेरिकेत एक प्रसिद्ध मानक आहे, तिथली राष्ट्रीय अग्निसुरक्षा संघटना काढते ते १७१० क्रमांकाचं. त्यात आगीची वर्दी मिळाल्यापासून गाडी हलेपर्यंत ८० सेकंद आणि पहिल्या गाडीच्या प्रवासाला चार मिनिटं धरली आहेत. आकडे त्यांच्या रस्त्यांचे आहेत, जसेच्या तसे आपल्या इतवारीच्या बाजाराला लावण्यात अर्थ नाही. पण त्याच मानकातली एक गोष्ट उचलण्यासारखी आहे. ते सरासरी विचारत नाही. शंभरातल्या नव्वद वर्द्यांना हे जमलं का, ते विचारतं.

फरक कळायला सोपं उदाहरण घेऊ. दहा वर्द्या आल्या. आठ ठिकाणी बंब चार मिनिटांत पोहोचला, दोन ठिकाणी १९ मिनिटांत. सरासरी निघाली सात मिनिटं. अहवालात सात मिनिटं वाचून बैठक खूश होते. पण ती दोन १९ मिनिटं कुठली होती? बहुतेकदा शहराच्या त्याच दोन-तीन कोपऱ्यांतली, दर वर्षी तीच. सरासरीत ती माणसं दिसेनाशी होतात. म्हणून तुमच्या भागाच्या बैठकीत कोणी सरासरी सांगितली, तर नव्वद टक्क्यांचा आकडा मागा, आणि तो झोननिहाय मागा. नागपूर महापालिकेचे दहा झोन आहेत. लक्ष्मीनगरचा आकडा आसीनगरला लागू होत नाही.

नकाशावर वर्तुळं काढून भागत नाही

त्याच सल्लागार समितीचा दुसरा निकष असा, की शहरी भागात साधारण दर १० चौरस किलोमीटरमागे एक केंद्र असावं. नागपूर शहराचं क्षेत्रफळ सुमारे २२७ चौरस किलोमीटर आहे. म्हणजे सरळ भागाकाराने २२-२३ केंद्रं. १० चौरस किलोमीटरचं वर्तुळ काढलं तर त्याची त्रिज्या पावणेदोन किलोमीटरच्या आसपास येते. कागदावर हे छान दिसतं.

पण नागपूरला चारही दिशांना रेल्वेलाइनी फुटतात, हे आपलं वैशिष्ट्य. रुळांच्या पलीकडचं घर नकाशावर एक किलोमीटरवर असतं आणि रस्त्याने तीन. नरेंद्रनगरच्या रेल्वेपुलाखाली जोराच्या पावसात काय होतं, हे त्या भागातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. केंद्र जवळ असूनही पुलाखाली पाणी साचलं की पलीकडचं घर दूर जातं. म्हणून केंद्राची जागा ठरवताना वर्तुळ नाही, प्रत्यक्ष गाडी चालवून घेतलेली वेळ हवी. सकाळी दहाची, संध्याकाळी सातची आणि पावसातली.

दुसरा प्रश्न धोक्याचा. सगळीकडे धोका सारखा नसतो. लकडगंजात आरागिरण्या आणि लाकडाची वखार, गांधीबागेत कापडाच्या थप्प्या, कळमन्यात धान्य आणि मिरचीची पोती, भांडेवाडीत कचऱ्याचा डोंगर. उन्हाळ्यात तिथून निघणारा धूर पूर्व नागपूर अनेक वर्षं सोसतं आहे. धंतोली आणि रामदासपेठेत एकाला लागून एक रुग्णालयं आहेत. तिथे आग लहान असली तरी धोका मोठा, कारण रुग्ण स्वतःच्या पायांनी बाहेर येऊ शकत नाही. वखारीला भरपूर पाणी लागतं. रुग्णालयाला धूर बाहेर काढण्याची सोय आणि उचलून न्यायला हात लागतात. दोन्हीकडे एकच बंब, एकच पद्धत पाठवली तर एका ठिकाणी ती चुकणारच.

धोका मोजताना एक चूक जगभर झाली आहे. इंग्लंडमध्ये अनेक दशकं बंबाची वेळ इमारतींच्या दाटीवरून ठरायची. बाजारपेठेला झटपट गाडी, राहत्या वस्तीला जरा उशिरा. पण माणसं मरत होती ती घरांत. २००३-०४ च्या सुमारास त्यांनी देशभराचं ते एकसारखं वेळापत्रक मोडलं आणि प्रत्येक दलाने आपल्या भागातला जिवाचा धोका मोजून, तिथल्या लोकांना विचारून आपली योजना करावी असं ठरवलं. आपल्याकडेही आगीतल्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक राहत्या घरांत होतात, असं राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे अहवाल सांगत आले आहेत. बातमी मात्र गोदामाच्या आगीची मोठी होते.

आणि दल फक्त आग विझवत नाही. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत १०० मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नागनदीने काठच्या वस्त्या धरल्या. त्या दिवशी अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनीच्या घरांतून माणसं बाहेर काढायला आपत्ती प्रतिसाद दलांच्या आणि सैन्याच्या बरोबरीने अग्निशमनचे जवानही होते. दीक्षाभूमीवरची धम्मचक्र प्रवर्तन दिनाची गर्दी, हिवाळी अधिवेशन, मारबतीची मिरवणूक, दिवाळीचे फटाके, एप्रिल-मेमध्ये विजेवर पडणारा कुलर-एसीचा ताण, हे सगळं नागपूरच्या धोक्याच्या पंचांगात हवं. कुठल्या महिन्यात किती बोटी, किती बंब, कुठे उभे, हे त्या पंचांगावरून ठरतं.

पाण्याचं गणित थोडक्यात सांगतो. एका नेहमीच्या मोठ्या बंबात साधारण ४,५०० लिटर पाणी असतं. एका नळीतून मिनिटाला सुमारे ४५० लिटर जातं असं धरलं, तर एक नळी दहा मिनिटं चालेल, दोन नळ्या पाच मिनिटं. पुढे काय? हायड्रंट म्हणजे बंबासाठीचा रस्त्यावरचा नळ, इमारतीची टाकी, विहीर, तलाव. आपल्या जुन्या वस्तीच्या अगदी कुशीत गांधीसागर तलाव आहे, सक्करदऱ्यात तलाव आहे, जुन्या वाड्यांत विहिरी आहेत. बंब या पाण्यापर्यंत टेकू शकतो का? काठावर कठडा, टपऱ्या, पार्किंग आहे का? याची यादी केली तर फारसा खर्च न करता पाणी वाढतं.

कायदा जबाबदारी कोणावर टाकतो

१९९२ च्या ७४व्या घटनादुरुस्तीने आलेल्या बाराव्या अनुसूचीत अग्निशमन सेवा हा नागरी संस्थांचा विषय म्हणून नोंदलेला आहे. म्हणून दल महापालिकेचं. पण इमारतीच्या आतली सुरक्षितता कोणाची? महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ हा कायदा ती जबाबदारी मालकावर किंवा वहिवाटदारावर टाकतो. यंत्रणा बसवायची आणि ती चालू आहे असं परवानाधारक संस्थेचं प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, अग्निशमन विभागाला द्यायचं. यालाच सगळे फॉर्म बी म्हणतात.

आपल्या इमारतीचा शेवटचा फॉर्म बी कधी गेला, हे किती फ्लॅटधारकांना माहीत असतं? मी ओळखीच्या काही सोसायट्यांत विचारलं. बहुतेकांना एनओसी माहीत होती, बिल्डरने पहिल्या दिवशी घेतलेली. दर सहा महिन्यांची गोष्ट सेक्रेटरीच्या फाइलमध्ये होती किंवा तिथेही नव्हती. मी पाहिलेल्या एका इमारतीत गच्चीवरचा पंप तीन वर्षं सुरू केलेला नव्हता. लाल पेटीत नळीऐवजी झाडू ठेवलेले होते.

भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात ९ जानेवारी २०२१ च्या रात्री नवजात बालकांच्या कक्षाला आग लागली आणि दहा बाळं गेली. तीनच महिन्यांनी, ९ एप्रिलला, आपल्या शेजारच्या वाडी शहरातल्या एका खासगी कोविड रुग्णालयात आग लागून रुग्ण दगावले. त्या बाळांचा विचार मनातून जात नाही. भंडाऱ्यानंतर राज्यभर रुग्णालयांच्या तपासणीचे आदेश निघाले. तपासणी हवीच. पण ती दुर्घटनेनंतर एकदा येते, आणि धोका रोज असतो.

बोलायचं कोणाशी आणि कसं

सरकारी कागदांत यासाठी 'हितधारक सहभाग' असा शब्द असतो. मी त्याला साधं म्हणतो: ज्यांचा ज्यांचा संबंध येतो, त्यांना आधी विचारा.

आपल्याकडे विचारण्याची रूढ रीत ठरलेली आहे. वर्तमानपत्रात जाहिरात येते, 'हरकती व सूचना मागविण्यात येत आहेत', मुदत तीस दिवस. ती जाहिरात वखारीतला हमाल वाचत नाही, रुग्णालयातली रात्रपाळीची सिस्टर वाचत नाही आणि झोपडपट्टीतल्या बाईकडे तर ती पोहोचतच नाही. मग तीन हरकती येतात, त्या नोंदवल्या जातात आणि सहभाग झाला असं लिहिलं जातं.

सुरुवात घरातून व्हावी असं मला वाटतं, म्हणजे दलातल्याच जवानांपासून. कॉटन मार्केटहून गंजीपेठेकडे जाताना संध्याकाळी कुठे अडकतं, कुठल्या गल्लीत वळताना शिडी तारांना लागते, कुठला हायड्रंट नावापुरता आहे, हे चालकाइतकं कोणालाच माहीत नसतं. योजना लिहिणाऱ्याने त्याच्या शेजारी बसून चार रात्री काढल्या, तर निम्मं सर्वेक्षण तिथेच होतं.

मग बाजार. इतवारीच्या व्यापाऱ्याला दुपारी महापालिकेत बोलावून उपयोग नाही. रात्री शटर पडल्यावर त्याच्याच दुकानासमोर उभं राहून बोलावं. प्रश्नही नेमके हवेत. रात्री कुलपाची चावी कोणाजवळ असते? वरच्या माळ्यावर कोणी झोपतं का? माल उतरवायला ट्रक कधी लागतात? दुकानापुढची ताडपत्री आणि शेड किती पुढे आली आहे? "शेड काढा" असा हुकूम दिला की वाद होतो. "बंब इथून गेला नाही तर तुमच्याच दुकानापर्यंत पाणी पोहोचत नाही" हे बंब समोर उभा करून दाखवलं, की व्यापारी स्वतः टेप घेऊन मोजायला लागतो.

महावितरणशी बोलणं हा जिवाचा प्रश्न आहे. वीज चालू असताना पाणी मारता येत नाही. मग पुरवठा कोण तोडणार, रात्री दोन वाजता कोणाला फोन जाणार, तो माणूस त्या फिडरचा, म्हणजे त्या भागाच्या वीजवाहिनीचा, आहे का, हे आधी ठरलेलं असेल तर मिनिटं वाचतात. पाणीपुरवठ्याचंही तसंच: कुठला व्हॉल्व्ह उघडला की कुठल्या गल्लीत दाब येतो, हे व्हॉल्व्हवाल्याला तोंडपाठ असतं. त्याचा नंबर नियंत्रण कक्षात हवा. वाहतूक पोलिसांशी सिग्नल आणि पार्किंगबद्दल बोलायचं. रुग्णालयांशी, पहिल्या तीन मिनिटांत बंब यायच्या आधी कोण कोणाला उचलणार याबद्दल. कोचिंग क्लासवाल्यांशी जिन्याबद्दल. सुरतमध्ये मे २०१९ मध्ये एका व्यापारी इमारतीतल्या क्लासमधली २२ मुलं गेली, तेव्हा वरून उड्या मारणारी मुलं साऱ्या देशाने टीव्हीवर पाहिली आहेत.

आगीला हद्द कळत नाही. वाडीची नगरपरिषद वेगळी, हिंगणा आणि बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतींना एमआयडीसीचं स्वतःचं दल, कामठीला छावणी, विमानतळाची यंत्रणा वेगळी. मोठ्या आगीत हे सगळे एकमेकांकडे धावतात. पण कोण कोणाला बोलावणार, घटनास्थळी हुकूम कोणाचा चालणार, वायरलेसवर एकमेकांचं ऐकू येतं का, हे कागदावर ठरवून वर्षातून एकदा करून पाहायला हवं. जिल्ह्यात स्फोटकांचे कारखाने आहेत. बाजारगावजवळच्या एका कारखान्यात डिसेंबर २०२३ मध्ये स्फोट होऊन नऊ कामगार गेले. तिथे धावून जाणाऱ्या जवानाला आत काय साठवलंय याची माहिती आधीपासून हवी.

या बाबतीत नागपूर खरं तर भाग्यवान आहे. देशाचं राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय १९५६ मध्ये रामपूरला सुरू झालं आणि १९५७ पासून ते आपल्या शहरात आहे. देशभरातले अग्निशमन अधिकारी इथे शिकून गेले. पेट्रोलियम व स्फोटकांच्या सुरक्षेची केंद्रीय संघटना, तिचं मुख्यालयही नागपुरातच. शहराच्या योजनेच्या मसुद्यावर या दोन ठिकाणच्या जाणकारांना एक दिवस बसवणं अवघड नसावं.

या सगळ्यात सर्वांत जास्त राहून जाणारी पायरी म्हणजे उत्तर. लोकांना विचारलं, त्यांनी सांगितलं, आणि नंतर शांतता. पुढच्या वेळी कोण येईल? तुम्ही हे सांगितलंत, त्यातलं इतकं केलं, इतकं जमलं नाही, आणि न जमण्याचं कारण हे, असं एक पान प्रत्येक वस्तीत परत गेलं पाहिजे. 'जमलं नाही' हेही चालतं. गप्प राहणं चालत नाही.

पैशाबद्दल एक हिशोब. पंधराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीवरून राज्यांच्या अग्निशमन सेवांसाठी केंद्राने २०२३ मध्ये ५,००० कोटी रुपयांची योजना सुरू केली, त्यात बहुतेक राज्यांना २५ टक्के वाटा स्वतःचा घालावा लागतो. त्यातून गाड्या आणि केंद्रं होतील. पण एका बंबावर सहा माणसं धरली तर तीन पाळ्यांना १८ लागतात. साप्ताहिक सुट्टी धरली की २१. रजा, आजारपण, प्रशिक्षण धरलं की २४च्या आसपास. हा पगार दर महिन्याला, तीस वर्षं. म्हणून नव्या केंद्राच्या भूमिपूजनाची बातमी वाचली की मी आधी भरतीची ओळ शोधतो.

१४ ते २० एप्रिल हा देशभर अग्निशमन सेवा सप्ताह असतो. १९४४ मध्ये १४ एप्रिललाच मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत दारूगोळा आणि कापूस भरलेल्या जहाजाचा स्फोट झाला आणि आग विझवताना मुंबई दलाचे कितीतरी जवान गेले, त्यांच्या स्मरणार्थ. त्या आठवड्यात जवान शाळांत, कॉलन्यांत येऊन प्रात्यक्षिकं दाखवतात. आमच्या गल्लीने यंदा त्यांना वेगळी विनंती केली: प्रात्यक्षिक राहू द्या, रात्री दहाला एकदा बंब आमच्या गल्लीतून नुसता चालवून दाखवा.

त्यांनी दाखवला. चाव्यांची सोय आम्ही आधीच केली होती, कोणी गावाला गेलं तर चावी कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात. कार तर निघाल्या. पण बंब पाचव्या घरापाशी एका जुन्या ओट्याला अडला. बारा इंचांचा प्रश्न आहे. त्या ओट्यावर आजी संध्याकाळी बसतात, त्यांच्या सासऱ्यांनी बांधलेला आहे तो. ओटा थोडा कापायचा, की आतल्या घरांसाठी शंभर फुटी नळी आणि जोडणी गल्लीतच पेटीत ठेवायची, यावर दोन बैठका झाल्या. केंद्रावरच्या अधिकाऱ्यांनी नळीचा खर्च काढून दिलाय. तिसरी बैठक येत्या रविवारी आहे, आजींच्याच ओट्यावर.